हाक देणाऱ्याची पायरी

बोरसे सरांची आणि माझी ओळख एका फूटपट्टीमुळे झाली. सुरतेच्या लिंबायत भागातल्या, महापालिकेच्या मराठी शाळेत मी सातवीत होते आणि सर आम्हाला चित्रकला शिकवत असत. एके दिवशी त्यांनी ‘नदीकाठचा पक्षी’ हा विषय दिला. मी पक्षी काढला, पाणी काढलं आणि पक्ष्यापासून पाण्यापर्यंत फूटपट्टी लावून एक तिरकी, सरळ रेघ मारली. मुली हसल्या. चित्राच्या तासाला फूटपट्टी चालत नाही, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. सरांनी माझी वही उचलली आणि रेघेवर बोट ठेवलं.

“ही काय?”

“तो खाली येईल तो रस्ता, सर.”

“येताना पाहिलायस कधी?”

“नाही.”

“मग रविवारी नदीवर चल. रेघ बरोबर आहे का बघू.”

त्या रविवारपासून मी त्यांच्याबरोबर तापीवर जात आले. शाळा सुटली, मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर झाले, मागावरचा धागा तुटला की माग थांबवणारी छोटी उपकरणं तयार करण्याच्या कामाला लागले. पण हिवाळ्यातले रविवार सरांचेच राहिले. श्री. दिगंबर बोरसे सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी त्यांनी काढलेला एक नवा फोटो हवा, असं समितीचं म्हणणं होतं, आणि तो मिळवण्याचं काम माझ्याकडे आलं. काम वरवर सोपं दिसत होतं. पण माई, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यापासून सरांनी कॅमेरा कपाटाबाहेर काढलेला नव्हता आणि ते नदीकडे फिरकलेही नव्हते. वेळ आली तर फोटो जुनाही चालला असता. सर पुन्हा नदीवर येतील की नाही, याचं उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं.

आपल्यापैकी पुष्कळांना सर ‘घारीचे बोरसे सर’ म्हणून माहीत आहेत. ही घार म्हणजे उकिरड्यावर घिरट्या घालणारी नव्हे. मीनखाई घार फक्त मासे खाते. ती थंडीच्या सुरुवातीला उत्तरेकडून तापीवर येते आणि उन्हं तापायला लागली की परत जाते. इथले गुजराती लोक तिला माछीमार म्हणतात. उंचावर ती एका जागी पंख मारत थांबते, खाली बघते, मग पंख आवरून पाण्यावर कोसळते. माझी रेघ जवळजवळ बरोबर निघाली. “शेवटच्या हातभर अंतरात बघ,” सर म्हणाले होते, “तिथे ती डोकं मागे घेते आणि पाय पुढे काढते. तुझ्या रेघेला तिथे वाकव.” मासा पकडून वर आल्यावर ती हवेतच अंग झटकते. सगळं पाणी एकदम उडतं. मग मासा पंजात फिरवून त्याचं तोंड पुढे करते, म्हणजे वारा कमी अडतो. हे मला कोणत्याही पुस्तकाआधी सरांनी दाखवलं.

त्या पहिल्या रविवारी मी जाऊ शकले त्याचं श्रेय मात्र माईंना आहे. आम्ही लिंबायतला लागून असलेल्या गोडादऱ्यात राहायचो. पहाटे पोरीला नदीवर पाठवायला माझे वडील तयार नव्हते. शनिवारी संध्याकाळी माई स्वतः आमच्या घरी आल्या. सर दारातच उभे राहिले. बोलणं माईंनी केलं, आणि आमच्या घरच्या अहिराणीत केलं.

“भाऊ, मी बरोबर शे ना. पोरले मी लई जासू, मीच लई येसू.”

नेणं-आणणं माईंनी अंगावर घेतलं तरी वडील म्हणाले, “पन भलत्या येळले नदीवर शे काय, माई?”

“पक्षी शेतस. तुम्ही बी चाला.”

“माले झोपू द्या. रातपाळी करी उनू.”

“मंग झोपा. पोर उठाडाले मी येसू.”

आणि पहाटे मला उठवायला त्या खरंच आल्या. पुढे माझ्यामागून शाळेतल्या कितीतरी मुली नदीवर गेल्या. प्रत्येकीच्या घरी माई आधी जाऊन आल्या होत्या. सरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाची पहिली पायरी नेहमी माईंनी चढलेली असे.

सरांची काम करण्याची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. लांब पल्ल्याच्या भिंगातून आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो. हात लांब करून धरलेल्या काडेपेटीएवढा. त्या तुकड्यात घार शोधायची, धरायची आणि ती पडत असताना तिच्याबरोबर कॅमेरा खाली आणायचा. डोळा भिंगाला लावला की बाकीचं आकाश नाहीसं होतं. म्हणून सर आणि माई जोडीने काम करत. तापीवरच्या कॉजवेच्या वरच्या अंगाला एक जुना ओवारा आहे; सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात. सर खाली, पाण्याजवळ कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून बसत. माई वरच्या, कडा तुटलेल्या पायरीवर उभ्या राहून उघड्या डोळ्यांनी सगळं आकाश बघत. घार आली की त्या हाक देत, “उनी!” उनी म्हणजे आली. मग “डावा हातले!”, मग घार हवेत थांबली की “थांबनी!”, आणि शेवटी “पाय!”

या ‘पाय’ची गंमत अशी की तो घारीने पाय काढण्याच्या किंचित आधी यायचा. मी एकदा माईंना विचारलं की आधीच कसं कळतं. “तिनं मन व्हई जास ना, तव्हय कळस,” त्या म्हणाल्या. तिचं मन झालं की कळतं. सर खालून ओरडले, “वैशाली, हे तुझ्या मशीनला शिकव बघू!” मी प्रयत्न केला नाही. काय मोजायचं तेच मला ठरवता येईना.

माईंचं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीच्याच काठी. ओवाऱ्यावर आल्यावर त्या आधी खाली उतरत, बोटं पाण्यात बुडवत आणि डोळ्यांना लावत. “मना माहेरनं पानी शे,” असं एकदा मला म्हणाल्या. सरांनी लगेच हिशेब मांडला, की मध्ये धरण आहे, त्यात पाणी साठतं, मिसळतं, तेव्हा हे पाणी नक्की कुठलं ते सांगता येणार नाही. माई म्हणाल्या, “तुम्ही फोटो काढा.”

सरांच्या मूल्यांविषयी या ग्रंथात इतरांनीही लिहिलं असेल. मी एकच सांगते. मासा पकडून घार खांबावर किंवा सुक्या झाडावर खायला बसली की सर भिंगावर झाकण लावतात आणि तिच्याकडे पाठ करून बसतात. फोटोसाठी ती वेळ सर्वांत सोयीची असते. पक्षी हलत नाही, उजेड चढलेला असतो. बाहेरगावाहून आलेले फोटोग्राफर हे पाहून चकित होत. सरांचं उत्तर ठरलेलं असे, “ती जेवतेय.” त्याच वेळी माईंचा डबा उघडे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुळा. घार जेवे, आम्ही जेवत असू, आणि कोणी कोणाकडे बघत नसे.

हा नियम कुठून आला ते मी शाळेत असतानाच पाहिलं होतं. एक गृहस्थ आपल्या मुलाच्या वाढदिवसानिमित्त आम्हाला जेवण द्यायला आले होते. पंगत बसली, आणि त्यांच्याबरोबर आलेला माणूस एकेका मुलीसमोर वाकून घास तोंडात जाताना फोटो काढू लागला. सर जाऊन त्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. तो म्हणाला, “साहेब, जरा बाजूला व्हा.” सर हसून म्हणाले, “माझा काढा ना. मी आता जेवत नाहीये.” तो बाजूला गेला की सरही बाजूला सरकत. पंगत उठेपर्यंत हा खेळ चालला. आम्ही हसत जेवलो. यात आमचं काय राखलं गेलं, ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

दुसरी आठवण त्यांच्या प्रदर्शनाची आहे. गोडादऱ्यातल्या एका सभागृहात सरांनी फोटो लावले होते. मागावरचे कामगार पाळी सुटल्यावर बायकामुलांना घेऊन येत होते. एक पूर्ण भिंत सरांनी रिकाम्या पंजांना दिली होती. घार पाण्यात पडली, वर आली, आणि पंजात काही नाही, असे सगळे फोटो. आयोजकांपैकी एकजण हळूच म्हणाले, “सर, हे काढू या का? लोकांना मासा बघायचाय.”

सर म्हणाले, “ती पुष्कळदा उपाशीच परत जाते. ते लपवून कसं चालेल?”

तेवढ्यात त्या भिंतीसमोर उभा असलेला एक कामगार मोठ्याने म्हणाला, “सर, हाई तं आपलीच गत शे! धोटा गया अन् धागा तुटना!” मागावर धोटा धावला आणि धागाच तुटला, हे तिथल्या प्रत्येकाचं रोजचं होतं; सगळे हसले. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘धागा तुटला’ असं नाव लिहून लावलं, आणि खाली त्या कामगाराचं नाव लिहिलं.

माझ्यावर सरांनी केलेले उपकार मोजत बसले तर लेख माझाच होईल. एक लिहिते. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना त्यांनी आपला जुना, रिळाचा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “खोल हा. आत काय आहे ते बघ.” त्या कॅमेऱ्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. मी म्हणाले, “पुन्हा जोडता आला नाही तर?” ते म्हणाले, “तर मला कळेल की तू आतपर्यंत गेली होतीस.” कॅमेरा जोडला गेला. एक स्प्रिंग उरली. ती त्यांनी अजून जपून ठेवली आहे आणि पाहुण्यांना दाखवून माझी थट्टा करतात. करत असत, असं लिहायला हवं. अलीकडे त्यांनी ती कोणाला दाखवलेली नाही.

दीड वर्षापूर्वी, ऐन उन्हाळ्यात, घारी परत गेल्यानंतर माई गेल्या. आजार लहान होता, म्हणजे मुदतीने लहान. अस्थी तापीतच सोडाव्यात ही त्यांची इच्छा होती. त्या त्याच ओवाऱ्यावर सोडल्या. त्या दिवशी सर वरच्या पायरीवर थांबले, खाली उतरले नाहीत. पाण्यापर्यंत त्यांचे चिरंजीव गेले.

पुढचा हिवाळा आला. घार आल्याचं मी सरांना फोनवर कळवलं. “बरं झालं,” ते म्हणाले आणि माझ्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्यांदा कळवलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी फोन न करता घरी गेले. सर वर्तमानपत्र वाचत होते. भिंतीवर पूर्वी घारीचे फोटो होते. आता तिथे माईंचा एकच फोटो होता, तोही लग्नातल्या एका सामूहिक फोटोतून कापून मोठा केलेला. सरांनी मला चहा करून दिला. मी तो फोटो बघतेय हे पाहून म्हणाले, “तिचा एकटीचा फोटोच नाही गं माझ्याकडे. ती नेहमी माझ्या पाठीमागे उभी.”

तो हिवाळा तसाच गेला. यंदा गौरवग्रंथाचं ठरलं तेव्हा मी या अडचणीकडे माझ्या पद्धतीने पाहिलं. सरांना हाक देणारं माणूस उरलेलं नाही, तर हाक लागणारच नाही अशी सोय करावी. बंदुकीवर असतो तसा लाल ठिपक्याचा एक दर्शक मी कॅमेऱ्यावर बसेल असा तयार केला. मोकळ्या डोळ्याने सगळं आकाश दिसतं, आणि ठिपका जिथे, भिंग तिथे. सरांच्या गच्चीवर आम्ही तो कबुतरांवर तपासला. चूक जवळजवळ नव्हती. सरांनी तो हातात फिरवून नीट पाहिला, कडा गुळगुळीत केल्याबद्दल शाबासकी दिली.

“याने काय होईल, वैशाली?”

“एकट्याला काम करता येईल, सर. हाक द्यायला कोणी लागणार नाही.”

त्यांनी दर्शक पुन्हा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

“छान झालाय. पण मला नको.”

“बसवायला जड वाटत असेल तर हलका करते.”

“तसं नाही गं. हे बसवलं की मला एकट्याला नदीवर जाता येईल. आणि जाता येतंय म्हटलं की जावं लागेल.”

मी डबा घेऊन घरी आले. समितीला कळवलं की जुन्या फोटोंमधला एक निवडू.

त्यानंतर काही दिवसांनी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सरांचा फोन आला. “उद्या मोकळी आहेस? तुझ्या गाडीवर कॅमेऱ्याची पिशवी बसेल?” मी हो म्हणाले.

ओवाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला ओळखीचा मच्छीमार सरांना बघून उठला. “साहेब! घणा दिवसे! मासी नथी आव्यां?” मावशी नाही आल्या का, असं तो विचारत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सर पाण्याकडे बघत म्हणाले, “ए तो पहेलां ज आवी गयां, भाई.” त्या तर आधीच आल्या. मच्छीमाराला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने डोक्याचं फडकं काढलं.

मला वाटलं होतं, सर नेहमीच्या जागी बसतील आणि मी हाक द्यायची. मी दिशा आणि कोन सांगण्याची मनात तयारीही केली होती. पण सरांनी पिशवी माझ्या हातात दिली. “तू खाली बस. कॅमेरा तू धर.” आणि ते कडा तुटलेल्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीमागून आवाज आला, “उनी!” सर शाळेत प्रमाण मराठी बोलत आणि घरीही बहुतेक तीच; त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकत होते. मी डोळा भिंगाला लावला. “उजवा हातले. थांबनी.” मला घार सापडली, ती माझ्या तुकड्यात होती. मी ‘पाय’ची वाट बघू लागले. घार भिंगातून निसटली. हाक आली नाही. पाणी फुटल्याचा आवाज आला, आणि मग सरांचा आवाज आला, “पाय!” मी भिंग पाण्याकडे वळवून कळ दाबली.

फोटोत पाण्यावरचं एक कडं आहे. मधोमध थोडा फेस. बाकी काही नाही.

वर बघितलं तर सर तसेच उभे होते. घार अंग झटकून मासा घेऊन पलीकडच्या खांबाकडे निघाली होती.

“मी हाक दिली का?” त्यांनी विचारलं.

“दिलीत, सर. उशिरा.”

“हो.” ते पायरीवर बसले. “वैशाली, वरून पाण्यापर्यंत ती सबंध येताना मी आज पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं काडेपेटीएवढंच बघत होतो. मी बघतच राहिलो गं.” मग पायरीची तुटकी कडा चाचपत म्हणाले, “हिने हे रोज पाहिलं. सबंध पाहिलं. आणि घरी गेल्यावर मी तिला फोटो दाखवत बसायचो.”

खांबावर घार खायला लागली. मी भिंगावर झाकण लावलं. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाठ केली. जेवणाचा डबा आणायचा आहे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पाण्याचं जे कडं आहे ते हेच. समितीतल्या काहींनी विचारलं की यात पक्षी कुठे आहे, आणि हा सरांनी काढलेला फोटो तरी आहे का. पहिल्याचं उत्तर, पक्षी नुकताच येऊन गेला आहे. दुसऱ्याचं उत्तर, या फोटोची हाक सरांची आहे, आणि त्यांच्या आजवरच्या फोटोंखाली हाक देणारीचं नाव यायला हवं होतं, ते राहून गेलं. म्हणून श्रेयाच्या जागी सरांनी स्वतः ‘कमल दिगंबर बोरसे’ असं लिहून दिलं आहे. ते माईंचं नाव आहे.

सर त्यानंतरच्या रविवारीही आले, त्याच्या पुढच्याही. हाक आता थोडी लवकर येते. माईंच्या इतकी लवकर ती येणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. दर्शकाचा डबा मी कपाटात वर ठेवून दिला आहे.

सरांना माझ्या शुभेच्छा एवढ्याच. त्यांचे गुडघे त्या पायरीपर्यंत त्यांना पुष्कळ हिवाळे नेवोत. दूरचं त्यांना स्वच्छ दिसत राहो आणि आवाज खालपर्यंत पोहोचत राहो. उत्तरेकडून येणारी ती पाहुणी दरसाल येवो. ती आली हे सांगायला त्या पायरीवर सर असोत, आणि उशीर झालाच, तर तो त्यांना सबंध बघण्यासाठी झालेला असो. खाली कॅमेरा धरून मी बसलेली आहे. भाकरीचा डबा आता मी आणते.